सायलेंट गेमिंग पीसीच्या नावाखाली अडीच लाखांची फसवणूक, पुण्यात असेम्बल करून घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी वाचा

पुण्यात कुणी आवाज न करणारा भारी गेमिंग पीसी असेम्बल करून घ्यायच्या विचारात असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा, थोडं लांबलंय पण माझे अडीच लाखांच्या वर गेलेत आणि ज्या पद्धतीने गेलेत ती पद्धत अजून कुणावर वापरली जाऊ नये एवढंच वाटतं. दुकानदाराचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रार चालू आहे. नावापेक्षा त्याने काय केलं ते समजणं जास्त गरजेचं आहे, कारण सायलेंट पीसी ही अशी वस्तू आहे की ज्यात फसवणूक लपवणं सगळ्यात सोपं आहे.

आधी मला काय हवं होतं ते सांगतो. मी गेम खेळतो पण तेवढंच किंवा त्याहून जास्त गाणं ऐकतो, शास्त्रीय, आणि माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे. हा ओपन बॅक हेडफोन आहे म्हणजे कानाच्या बाहेरच्या बाजूला जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा आणि खरा वाटतो पण खोलीतला प्रत्येक आवाज पण तसाच आत येतो. विलंबित ख्यालात गायक थांबलाय, नुसता तंबोरा चालू आहे आणि त्यात टेबलाखालून पंख्याची घरघर, हे ज्याने ऐकलंय त्याला कळेल मी काय म्हणतोय. चांगल्या ऑडिओला पैसे घालायचे आणि शेजारी गोंगाट करणारा डबा ठेवायचा याला काही अर्थ नाही. म्हणून ठरवलं की एकच मशीन, आरजीबी म्हणजे रंगीत लाइट नाही, काच नाही, साधा काळा डबा, आणि लोडवर म्हणजे पूर्ण जोरात काम चालू असताना पण शांत.

पार्ट सगळे विचार करून ठरवले होते. कॅबिनेट फ्रॅक्टलचं डिफाइन ७, काचेचं नाही तर चारी बाजूंनी बंद, पॅनेलला आतून आवाज शोषणारं मटेरियल असतं ते. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी कारण गेमिंगला जबरदस्त आणि वीज कमी खातो म्हणून गार ठेवायला सोपा. त्यावर नॉक्टुआचा एनएच-डी१५, दोन १४० एमएमचे पंखे असलेला तो मोठा कूलर, आणि कॅबिनेटचे पंखे पण नॉक्टुआचेच काळ्या रंगातले. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा ढकलतो म्हणून आवाज कमी, एवढं साधं गणित आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय सुपर, १६ जीबी. पॉवर सप्लाय ८५० वॉटचा गोल्ड रेटिंगचा, फुल मॉड्युलर म्हणजे सगळ्या वायरी सुट्या काढता येणारा, कमी लोडवर पंखा पूर्ण बंद ठेवणारा. एसएसडी सॅमसंग ९९० प्रो २ टीबी. आणि मदरबोर्ड असा की ज्याला मागे ऑप्टिकल आउट आहे, हे मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण बाहेरचा डॅक (कॉम्प्युटरच्या डिजिटल सिग्नलचा आवाज करून हेडफोनला देणारा डबा) यूएसबीने जोडला तर कधीकधी ग्राउंड लूपमुळे, म्हणजे तारेतून येणाऱ्या विजेच्या गडबडीमुळे, कॉम्प्युटरची भुणभुण हेडफोनमध्ये येते, ऑप्टिकलमध्ये सिग्नल उजेडाने जातो, तांब्याची तारच नाही म्हणून तो प्रश्नच येत नाही.

ही सगळी यादी त्याने व्हॉट्सॅपवर मॉडेल नंबरसकट कोटेशन म्हणून पाठवली, हे लक्षात ठेवा, हे पुढे कामाला आलं.

दुकान सिंहगड रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. बोलणं एकदम गोड, नॉलेज पण आहे त्याला, हे मान्य करायलाच हवं. डेसिबलवर बोलायचा, बेअरिंगचे प्रकार सांगायचा. सगळे बॉक्स टेबलावर मांडून फोटो पाठवला, सील असलेले, बघून कुणालाही बरं वाटेल. पार्ट माझ्यासमोर उघडून जोडा म्हणलं तर म्हणे सर केबल मॅनेजमेंटला आमची पोरं रात्री बसतात, दिवसा गर्दी असते, तुम्ही तयार झाल्यावर या. बिलावर सिरीयल नंबर टाका म्हणलं तर म्हणे बॉक्स माझ्याकडेच राहणार, वॉरंटी क्लेमला बॉक्स लागतात, तुम्ही फक्त मशीन घेऊन या बाकी मी बघतो. जीएसटी बिल दिलं, पण त्यावर एकच ओळ, असेम्बल्ड कॉम्प्युटर, नग एक. सोबत फक्त ग्राफिक्स कार्डाचा रिकामा बॉक्स दिला.

डेमो दिला तो डेस्कटॉपवर. मशीन चालू, स्क्रीनवर विंडोज, आणि खरंच काही ऐकू येत नव्हतं. आता इथे नीट लक्ष द्या. आजकालची जवळपास सगळी ग्राफिक्स कार्ड काम नसताना पंखे पूर्ण बंदच ठेवतात, प्रोसेसर पण निवांत असतो, त्यामुळे डेस्कटॉपवर तीस हजाराचं मशीन पण शांत वाटू शकतं. वर खिडकीतून सिंहगड रोडचा ट्रॅफिक. तिथे शांततेची परीक्षा होऊच शकत नाही आणि त्याला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गेम लावून बघितला तर तोही पाच मिनिटं चालवला, आवाज नाही, सगळे खुश.

घरी आणल्यावर पहिली शंका ऑडिओवरून आली. डॅक जोडायला मागे वाकून बघतो तर ऑप्टिकल पोर्टच नाही. फोन केला तर म्हणे सर तो बोर्ड शॉर्टेजमध्ये होता, त्याच सिरीजमधला दिलाय, यूएसबी बेस्टच असतं. यूएसबीने लावला तर माउस हलवला की हेडफोनमध्ये बारीक किरकिर, गेम चालू केला की ती वाढते. हा आवाज डॅकचा नव्हता, तोच डॅक लॅपटॉपला लावला की एकदम स्वच्छ.

दुसरी गोष्ट माझ्या भाच्याने पकडली. त्याच्याकडे हेच कार्ड आहे, आमचा प्रोसेसर त्याच्यापेक्षा वरचा, आणि तरी त्याच सेटिंगवर त्याच गेममध्ये माझे दर सेकंदाचे फ्रेम कमी. त्याने एचडब्ल्यूइन्फो (प्रत्येक पार्टचं तापमान, वीज वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू केलं, पाच मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, मामा हे काहीतरी गंडलंय, कार्ड १७० वॉटच्या वर जातच नाहीये. या कार्डाचं रेटिंग २८५ वॉट आहे. मग शोधल्यावर सापडलं, आफ्टरबर्नर नावाचं, ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर लपवून टाकलेलं, विंडोज चालू झालं की आपोआप चालू होणारं, त्यात पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणलेली आणि पंख्याचा वेग एका मर्यादेच्या वर जाऊच नये असा कर्व्ह. म्हणजे शांतता कुठून आली होती तर मशीनला काम करू न देण्यातून.

आता कुणी म्हणेल की पॉवर लिमिट कमी करणं ही सायलेंट पीसीवाल्यांची नेहमीचीच ट्रिक आहे. आहेच, मी पण करतो, थोडा परफॉर्मन्स सोडून बरीच उष्णता वाचते. पण ते मालकाने ठरवायचं असतं, मालकाला माहीत असायला हवं. इथे ते का केलं होतं ते लिमिट १०० वर नेल्यावर कळलं. दहा मिनिटांत खालून पॉवर सप्लायचा पंखा ओरडायला लागला आणि कार्डाच्या एका पंख्यातून कट्‌कट्‌ असा आवाज, जो जुन्या झिजलेल्या बेअरिंगचा असतो. नवीन कार्डात तो येत नाही. (काहीजण कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डातल्या कॉइलचा आवाज, म्हणतील, पण ती बारीक शिट्टीसारखी असते आणि नवीन कार्डात पण असू शकते, हे ते नव्हतं.)

मग पॅनेल उघडलं. पॅनेलच्या फटीवर त्याने स्टिकर लावलेलं, उघडल्यास वॉरंटी रद्द असं लिहिलेलं. असल्या स्टिकरला घाबरू नका, पार्टची वॉरंटी कंपनी त्या पार्टच्या सिरीयल नंबरवर देते, कॅबिनेटच्या पॅनेलवर नाही. उघडायच्या आधी स्टिकरचा फोटो आणि उघडतानाचा सलग व्हिडिओ मात्र नक्की काढा, भाच्याच्या सांगण्यावरून आम्ही काढला आणि फार बरं झालं.

आत काय होतं ते सांगतो. पॉवर सप्लाय खालच्या झाकणाच्या आत असतो, त्याचं लेबल बाहेरून दिसत नाही. बाहेर काढला तर ६५० वॉटचा, ब्रॉन्झ म्हणजे गोल्डपेक्षा खालच्या रेटिंगचा, सगळ्या वायरी कायमच्या जोडलेल्या. याची खूण खरं तर पॉवर सप्लाय न काढताही दिसत होती, कोटेशनमधल्या पॉवर सप्लायला या कार्डासाठी लागणारी १६ पिनची केबल स्वतःची येते, इथे कार्डाला दोन ८ पिनच्या वायरी जोडून अ‍ॅडॅप्टर लावलेला. मदरबोर्ड एटीएक्स म्हणजे मोठ्या आकाराचा ठरलेला, आत त्याहून लहान चौकोनी मायक्रो-एटीएक्स, रियलटेकची जुनी साधी ऑडिओ चिप असलेला. कूलर तेवढा खरा नॉक्टुआ, पण कॅबिनेटचे पंखे साधे काळे, नाव नसलेले. नॉक्टुआचे नेहमीचे तपकिरी रंगाचे घेतले असते तर लगेच कळलं असतं, काळे सगळे सारखेच दिसतात. एसएसडी खरंच ९९० प्रो, पण क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही हजार तास चाललेली दिसली, नवीन एसएसडीला तिथे जेमतेम एक-दोन आकडी तास दिसायला पाहिजेत. आणि ग्राफिक्स कार्ड, मॉडेल तेच, १६ जीबीच, जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पण बरोबर, पण कार्डावरच्या स्टिकरचा सिरीयल नंबर आणि मला दिलेल्या बॉक्सवरचा नंबर वेगळे. सर्विस सेंटरला नंबर दिला तर त्या कार्डाची वॉरंटी माझ्या बिलाच्या तारखेच्या खूप आधी सुरू झालेली. म्हणजे कुणाचं तरी वापरलेलं कार्ड नव्याच्या भावात.

हे सगळं एकत्र बघितलं की त्याची चाल कळते. पार्टची ही अदलाबदल आवाजाने उघडी पडली असती. हलका पॉवर सप्लाय लोडवर ओरडतो, जुन्या कार्डाचा पंखा वाजतो, म्हणून लोडच वाढू द्यायचा नाही. ग्राहक शांतता मागतोय, त्याला शांतता मिळाली की तो आत बघणार नाही. काच नको, लाइट नको, मिनिमल पाहिजे म्हणणारा ग्राहक म्हणजे त्याच्यासाठी सगळ्यात सोपा ग्राहक, कारण त्याने स्वतःच बंद डबा मागितलेला असतो. गोडीत विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "सर आवाज येत नाहीये ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कोटेशन दाखवल्यावर म्हणे पार्ट तुम्हीच बदलले असतील. त्यानंतर ब्लॉक.

तुम्ही घेणार असाल तर माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि सगळे बॉक्स घरी आणा, बॉक्स दुकानात ठेवायचं कारण कुणी कितीही गोड सांगितलं तरी. जोडताना समोर बसा, नाहीतर पार्ट स्वतः घेऊन फक्त जोडायची मजुरी द्या, पुण्यात अशी जोडून देणारी भरपूर चांगली मंडळी आहेत आणि ती समोर जोडतात. टेस्ट डेस्कटॉपवर घेऊ नका, अर्धा तास फुल लोड द्या आणि त्या वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये कार्ड किती वॉट खातंय ते बघा, रेटिंगच्या आसपास गेलं पाहिजे. नाही गेलं तर का नाही ते विचारा. त्याच वेळी कान लावा, दार बंद करून, शक्यतो रस्त्यापासून लांबच्या खोलीत. टाइम स्पायसारखी, कार्डाला स्कोअर देणारी टेस्ट चालवा, त्याच कार्डाचे इतरांचे स्कोअर सहज मिळतात, बरंच कमी आलं तर पैसे थांबवा. घरी आल्यावर विंडोज स्वतः नव्याने टाका, विंडोजमध्ये लपवलेली सेटिंग त्यातच निघून जातात. आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका. बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील असं कुणी म्हणलं तर तिथून उठा, पक्कं बिल नसेल तर पुढे काहीच करता येत नाही.

ज्यांच्याबाबतीत आधीच झालंय त्यांच्यासाठी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे आधी तक्रार नोंदवा, ते दुकानदाराला कळवतात. माझ्या केसमध्ये तेवढ्यावर त्याने पॉवर सप्लाय बदलून देतो असं कळवलं, बाकीच्याबद्दल गप्प, म्हणून मी नाही म्हणलं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. ५० लाखापर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात जाते, ५ लाखापर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असू दे. मी जोडलेले कागद: व्हॉट्सॅपचं कोटेशन, सील असलेल्या बॉक्सचा त्यानेच पाठवलेला फोटो, बिल, पेमेंटच्या पावत्या, पॅनेल उघडतानाचा व्हिडिओ, कार्ड आणि बॉक्सवरच्या दोन वेगवेगळ्या सिरीयल नंबरचे फोटो, आणि सर्विस सेंटरचं वॉरंटीची तारीख सांगणारं ईमेल. त्या बॉक्सच्या फोटोत झूम केल्यावर एसएसडी आणि पॉवर सप्लायचे सिरीयल नंबर पण वाचता येतात आणि ते माझ्या मशीनमधल्या एकाही पार्टशी जुळत नाहीत, म्हणजे ते नवीन पार्ट अस्तित्वात होते आणि गेले दुसरीकडे.

कुणाला तक्रारीचा मसुदा कसा लिहायचा ते हवं असेल तर विचारा, मी माझा नावं काढून देईन.