चौघांची गाडी आणि ‘कंदिसा’: आठ महिन्यांनंतर

मागच्या पावसाळ्यात सेकंडहँड गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, टायर बरे, पण स्टिरिओ बाबा आदमच्या काळातला. ब्लूटूथ नाही, यूएसबीचं भोक आहे पण मेलेलं, आणि एफएम नाशिकरोड सोडलं की खरखरतो. विकणाऱ्याने ‘सगळं चालू आहे’ असं छातीठोक सांगितलं होतं. चालू होता तो फक्त सीडी प्लेअर. माळ्यावरचा डबा काढला तर निम्म्या सीड्यांना बुरशी. धड वाजली ती एकच, इंडियन ओशनची ‘कंदिसा’. कॉलेजात असताना घेतलेली आणि दोन गाणी ऐकून ठेवून दिलेली.

रोज नाशिक ते सिन्नर एमआयडीसी, जाऊन-येऊन. गाडीत आम्ही चौघं, पेट्रोल वाटून घेतो. शिंद्याच्या टोलनाक्यावर रांग लागली की एका खेपेत सातही गाणी संपतात. म्हणजे आठ महिन्यांत हा अल्बम दोनशे वेळा तरी वाजला असेल. एवढ्यांदा मी कुठली आरतीही म्हटलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बँड दिल्लीचा, 1990 सालचा. हा अल्बम 2000 सालचा. गिटारवर सुस्मित सेन, बास गिटार आणि गाणं राहुल राम, ड्रम्स अमित किलम, आणि तबला वाजवत वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती. रॉक म्हणतात, पण किंचाळणारी गिटार शोधायला जाल तर हात हलवत परत याल. सिनेमाचा आधार नाही, नाचायचा व्हिडिओ डोळ्यांपुढे येत नाही, आणि गाणी आपल्या सवयीच्या चार-पाच मिनिटांत आटपत नाहीत.

पहिला महिना वाईट गेला. मागच्या सीटवरून रोज एकच प्रश्न, “अरे, गाणं कधी सुरू होणार?” ‘खजुराहो’ला तर शब्द नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ते लागलं की दोघं झोपायचे आणि एक जण फोनवर मालाच्या गाडीचा पत्ता काढायचा. मला स्वतःला ‘लीव्हिंग होम’ सोडून काही धरून ठेवत नव्हतं. त्यातली सेनांची गिटार सतारीच्या वाटेने जाते आणि मध्येच आठवतं की ही गिटार आहे. पण एका गाण्यासाठी सीडी कोण वाजवतं? दुसरी सीडी नव्हती म्हणून वाजत राहिली, हे खरं कारण.

फरक पडला तो आमच्या स्टोअरमधल्या पोरामुळे. तो गणपतीत ढोलपथकात असतो. एकदा मोहदरी घाट चढताना तो पुढे वाकला आणि म्हणाला, “दादा, हे परत लाव. ड्रमवाला आणि तबलेवाला एकमेकांच्या जागा सोडून वाजवतायत.” मी म्हटलं म्हणजे काय. तर त्याने डॅशबोर्डवर बोटांनी दाखवलं. ड्रमचा ठोका पडतो तिथे तबला गप्प, आणि ड्रम श्वास घेतो तिथे तबला दोन मात्रा भरून काढतो. आमच्या पथकात सगळे एकाच जागी बडवतात, म्हणून कान फुटतो, असंही वर म्हणाला. त्या दिवसापासून मला या अल्बममध्ये आधी रिकाम्या जागा ऐकू येतात आणि मग आवाज. त्याच पोराने नंतर नेटवर शोधून सांगितलं की असीम चक्रवर्ती 2009च्या डिसेंबरात गेले आणि सेनांनीही 2013 मध्ये बँड सोडला. म्हणजे गाडीत जे चौघं वाजत होते ते आता एकत्र कुठेच वाजत नाहीत. पुढे सिन्नरपर्यंत तो काही बोलला नाही.

‘हिल्ले ले’ची गंमत वेगळी. शब्द कवी गोरख पांडे यांचे, भोजपुरी. जनतेची पलटन येते आहे आणि जग गदगदा हलतं आहे, असा मामला. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. एक दिवस कंपनीतल्या बलियाच्या एका ऑपरेटरला बस चुकली म्हणून गाडीत घेतलं. गाणं लागताच तो खिडकीबाहेर बघत हसायला लागला. “ई तो हमरे उधर का है साहब, आपके पास कैसे?” मग स्वतःच म्हणू लागला, बँडपेक्षा निम्म्या वेगात आणि दुप्पट जोरात. आमचा एचआरवाला पुढे बसला होता. पलटनीचा अर्थ त्याला सांगावा की नाही, याचा मी टोलनाक्यापर्यंत विचार करत होतो.

‘मा रेवा’ची सगळ्यात कडक समीक्षा माझ्या आत्याने केली. तिने नर्मदा परिक्रमा पायी केलेली आहे, नदी उजव्या हाताला ठेवून, पूर्ण. रविवारी तिला त्र्यंबकला नेत होतो. ‘रेवा’ (म्हणजे नर्मदाच) शब्द कानावर आला तशी तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. गाणं संपल्यावर “नर्मदे हर” म्हणाली आणि विचारलं, “कोण रे हे बुवा?” मी सांगितलं, बुवा नाहीत आत्या. राहुल राम. अमेरिकेत पीएचडी करून आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. हे गाणं नदीकाठच्या लोकांचंच आहे. तिने मान हलवली. “चाल काठावरचीच आहे. पण एवढी घाई कशाला? मैया डोंगरात धावते, मान्य. खाली आता धावते कुठे? शूलपाणीकडे बघ, पाणी नुसतं उभं आहे.” आपल्या नंदुरबारातलं मणिबेली गाव धरणाच्या याच पाण्याखाली गेलं, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. परत येताना मात्र तिनेच सांगितलं, “ते घाईचं लाव.”

आणि ‘कंदिसा’. मला वाटायचं की हा शब्द बँडने बनवलेला आहे. क्वालिटीतला आमचा मल्याळी मित्र कोट्टायमचा, सीरियन ख्रिश्चन, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातला. तो दुसऱ्या शिफ्टला असतो म्हणून गाडीत कधी आला नव्हता. आला त्या दिवशी पहिल्या ओळीलाच त्याने विचारलं, “हे तुझ्याकडे कुठून आलं?” ही त्यांच्या चर्चमधली प्रार्थना, अरामी भाषेतली. पवित्र देवा, पवित्र बलवंता, पवित्र अमर्त्या, आमच्यावर दया कर, एवढाच अर्थ. त्याची आजी ती अगदी संथ म्हणायची, दिवेलागणीच्या शुभंकरोतीसारखी. इथे गाणं हळू सुरू होतं आणि वाढत वाढत असं अंगावर येतं की गाडी आपोआप ऐंशीवर जाते. (घाटात सांभाळा.) त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “आजीला आवडलं नसतं. मला आवडलं. तिला सांगू नकोस.” आजी जाऊन दहा वर्षं झाली आहेत.

तक्रारी आहेतच. आवाज काही ठिकाणी वाद्यांच्या मागे दबतो, जुन्या स्पीकरवर तर जास्तच. ‘कौन’ मला आठ महिन्यांनंतरही लांबवलेलं वाटतं. ढोलवाला पोरगा यावर भांडतो, भांडू दे. ‘क्या मालूम’ सकाळी चांगलं आणि संध्याकाळी थकवणारं, का ते कळत नाही. आणि ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ या राजकीय विनोदाच्या कार्यक्रमातले राहुल राम बघून कुणी हसायला म्हणून इकडे येणार असेल तर येऊ नका. तो माणूस तोच, काम वेगळं. हेडफोन लावून एकट्याने ऐकायचा प्रयत्न मी केला. नाही जमलं. मागून कुणी कुरकुरत नसेल तर हा अल्बम मला अर्धाच वाटतो.

गेल्या आठवड्यात नवा स्टिरिओ बसवला, फोनवरून लावलं. आवाज स्वच्छ, सगळं सुरळीत. आमच्या सीडीवर ‘खजुराहो’मध्ये एक ओरखडा होता, तिथे गाणं टक् करून उडी मारायचं. फोनवर ती जागा आली आणि नुसतीच निघून गेली. मागच्या सीटवरून ढोलवाल्याने बरोबर वेळेवर जिभेने “टक्” केलं. आता रोज करतो.