बांगड्यातले चपटकृमी अभ्यासासाठी जतन करायला फॉर्मालिन की अल्कोहोल?

नाशिकला समुद्रातला बांगडा बर्फात येतो, तोवर पोटातले चपटकृमी (चपटे परजीवी जंत) बहुधा मेलेले, फुगलेले असतात. काहींच्या त्वचेवरचे काटेही गळतात, आणि प्रजाती ओळखायला तेच लागतात. म्हणून शक्य तितका ताजा मासा घ्या. गोठवलेला नको.

जठर आणि आतडे वेगवेगळ्या बशीत ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात उघडा. कृमी कुठल्या भागात सापडला ते लगेच लिहून ठेवा. बांगड्याच्या जठरातल्या लेसिथोक्लॅडियम या चपटकृमीचा शेपटीसारखा भाग शरीरात ओढला जातो. जिवंत कृमी थेट थंड अल्कोहोलमध्ये टाकला की तो आक्रसून वाकडा होतो आणि मोजमापे बिघडतात. त्यापेक्षा आधी उकळीच्या जवळचे मिठाचे पाणी ओता. कृमी सरळ, सैल अवस्थेत मरतो. काचेखाली दाबू मात्र नका. अवयवांच्या जागा सरकतात.

पुढे फॉर्मालिन (फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण) घ्यायचे तर बाजारातल्या द्रावणाचा १ भाग, पाणी ९ भाग. आकार उत्तम टिकतो, कार्माइन या लाल रंगाने रंगवून कायमची स्लाइड करता येते. पण डीएनए तुटतो, प्रथिनांशी बांधला जातो. वाफ डोळ्यांना झोंबते, हवेशीर जागा हवीच.

डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलच. त्यात नमुना ठिसूळ होतो, म्हणून रंगवायचे कृमी ७० टक्क्यांत ठेवा.

एकच पद्धत निवडायची तर आमची पसंती गरम पाणी आणि मग अल्कोहोल. कृमी मोजकेच असतील तर एकाचा मागचा छोटा तुकडा ९५ टक्क्यांत, उरलेला भाग स्लाइडसाठी.