स्वस्तातला सबवूफर: वॅट नव्हे, खोका आणि खोली बघा

स्वस्त सबवूफरच्या, म्हणजे फक्त खालचे, जड स्वर (बेस) वाजवणाऱ्या स्पीकरच्या (थोडक्यात 'सब'च्या) वेष्टनावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि निवडीला तो सर्वांत कमी कामाचा असतो. बहुतेकदा तो 'पीक' असतो, म्हणजे क्षणभरच झेपणारी ताकद. सतत मिळणारी ताकद आरएमएस या नावाने छापतात आणि ती अनेकदा निम्मी किंवा त्याहूनही कमी निघते. क्लिप्शच्या आर-१२०एसडब्ल्यूवर पीक ४०० वॅट, सतत २००. पोल्कच्या पीएसडब्ल्यू१०वर १०० आणि ५०. शिवाय ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. त्यामुळे ५० वॅटचा सोडून १०० वॅटचा घेतला, तर तेवढ्यावरून धमक दुप्पट होत नाही, किंचित वाढते.

त्याऐवजी दोन गोष्टी विचारा: किती हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तेवढा स्वर खालचा) खाली जातो, आणि तिथे आवाज किती डेसिबलने पडतो. दुसरं उत्तर नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. यामाहाच्या एनएस-एसडब्ल्यू०५०वर २८ ते २०० हर्ट्झ छापलं आहे आणि पुढे प्रामाणिकपणे 'उणे १० डेसिबल' असंही लिहिलं आहे. म्हणजे २८ला आवाज मिळतो, पण कानाला तो निम्म्याहूनही कमी लागतो. पोल्क पीएसडब्ल्यू१०चा ४० हर्ट्झ हा आकडा उणे ३ डेसिबलचा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून २८ मोठा की ४० ही तुलना होऊच शकत नाही. उणे ३ची तुलना उणे ३शीच करा. ज्याच्या माहितीपत्रकात डेसिबलचा उल्लेखच नाही, त्याच्या हर्ट्झवर पैसे मोजू नका.

हे हर्ट्झ कानाला कसे लागतात? चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, पियानोचा २७.५चा. चित्रपटातले स्फोट, कोसळणाऱ्या इमारती, इंजिनांची घरघर २० ते ३० हर्ट्झमध्ये उतरते. ४०पर्यंत ठणठणीत वाजणारा सब गाण्यांना पुरतो. चित्रपटात मात्र जी थरथर छातीत आणि सोफ्यात जाणवायला हवी, ती तो देत नाही.

स्वस्तात खोल बेस का मिळत नाही याचं उत्तर केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. खोका लहान, बेस खोल आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. लहान खोक्यातून खोल बेस काढायचा तर भरपूर वॅट आणि लांब धाव असलेला ड्रायव्हर (खोक्यातला पुढेमागे धावून आवाज काढणारा भाग) लागतो आणि खरा खर्च तिथेच होतो. म्हणून कमी बजेटमध्ये आकाराशी तडजोड करायची नसते. ४० हर्ट्झला जेवढा आवाज येतो तेवढाच २०ला हवा असेल, तर कोनला (ड्रायव्हरच्या पुढच्या पडद्याला) चौपट हवा ढकलावी लागते. १२ इंची कोनचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असतं. ८ इंची ड्रायव्हरला ही तूट भरून काढायला तेवढं जास्त पुढेमागे धावावं लागतं आणि स्वस्त ड्रायव्हरची धाव तोकडी असते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चित्रपटांसाठी साडेसहा आणि ८ इंची सब बाजूला ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. बजेट तिथेच संपत असेल तर थोडं थांबून १० इंची घ्यावा.

पोर्टेड (खोक्याला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, असलेला) आणि सील्ड (पूर्ण बंद खोक्याचा) यांत स्वस्तात पोर्टेड जास्त मिळवून देतो. पोर्ट ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो तिच्या आसपास तो ड्रायव्हरचा भार उचलतो, त्यामुळे कमी वॅटमध्ये जास्त आवाज निघतो. पण त्या बिंदूच्या खाली कोनला मागून हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट धावतो. आत खालचे स्वर कापणारा फिल्टर नसेल, तर मोठ्या स्फोटाला व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मागे आपटून 'ठक्' असा कोरडा आवाज येतो. तो ऐकू आला की लगेच आवाज कमी करा, तसाच चालू ठेवला तर ड्रायव्हर जातो. दुसरा दोष फुसफुशीचा: अरुंद पोर्टमधून हवा वेगाने गेली की फस्स असा आवाज येतो. पोर्टचं तोंड रुंद आणि कडा गोलसर असेल तर तो कमी होतो. सील्ड खोक्याचा आवाज खालच्या स्वरांना हळूहळू कमी होतो, तो ठोका नेमका देतो आणि जागा कमी खातो, पण तेवढाच आवाज काढायला त्याला जास्त वॅट लागतात.

आता निवड. पोल्क पीएसडब्ल्यू१०, १० इंची पोर्टेड, ही पहिली पायरी आहे. लहान खोलीत, गाणी आणि मालिकांसाठी तो पुरतो, पण २५ हर्ट्झची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. क्लिप्श आर-१२०एसडब्ल्यू, १२ इंची पोर्टेड, अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये २९ हर्ट्झपर्यंत जातो. मुख्यतः चित्रपट बघणाऱ्याने बजेटमध्ये याच वर्गाचा सब शोधावा. त्याचा खोका मोठा आहे, जागा आधी मोजून घ्या. एसव्हीएसचा एसबी-१००० प्रो हा १२ इंची सील्ड, सतत ३२५ वॅटचा, २० हर्ट्झपर्यंत उतरणारा. तो बजेटच्या वरच्या काठावर बसतो, पण जागा कमी आणि संगीत जास्त असेल तर ताणून घ्यावा असा. त्यातला इक्वलायझर (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारी सोय) फोनवरून लावता येतो, आणि ही सोय खोलीतला घुमारा उतरवायला खरोखर कामी येते.

घेण्याआधी मुख्य स्पीकरही बघा. ते मुठीएवढे असतील तर त्यांच्याकडून १२० ते १५० हर्ट्झच्या खालचे स्वर काढून घ्यावे लागतात आणि तो सगळा भार सबवर येतो. एवढ्या वर आवाज कुठून येतोय हे कानाला कळायला लागतं. मग सब कोपऱ्यात लपवता येत नाही, समोरच्या स्पीकरांजवळच ठेवावा लागतो. आर-१२०एसडब्ल्यूसारख्या ज्या सबची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आहे, त्याची अशा चिमुकल्या स्पीकरांशी जोडी नीट जमत नाही.

सब चांगला निवडला तरी अर्धा बेस खोली ठरवते. दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराने (मीटरमध्ये) ३४३ला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला मीटरमधल्या वेगाला, भागा आणि आलेला आकडा निम्मा करा. ४ मीटरला ४३ हर्ट्झ, साडेतीनला ४९, ३ मीटर उंचीला ५७. या स्वरांना खोली स्वतः घुमते. ४ मीटर लांबीच्या खोलीत सोफा बरोबर मध्यावर असेल, तर तिथे ४३ हर्ट्झ जवळजवळ गायब होतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर तोच स्वर फुगून बसतो. 'सब दमदार नाही' किंवा 'नुसता घुमतो' या दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. फुगलेला स्वर इक्वलायझरने खाली आणता येतो. गायब झालेला मात्र भरून निघत नाही: कितीही ताकद ओतली तरी परत येणारी लाट ती तेवढ्याच जोराने खोडते, तापतो फक्त अॅम्प्लिफायर. त्यावर उपाय जागा बदलण्याचा. बैठक मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर आणा. ४ मीटरच्या खोलीत हे अंतर १.३ मीटर भरतं. अर्धा मीटर सरकण्याने जो फरक पडतो, तो महागडा सब घेऊनही पडत नाही.

सबची जागा शोधायला सब उचलून बैठकीच्या जागी ठेवा, शक्यतो कान जिथे असतात त्या उंचीवर. ३० ते ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर वाजवा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. सर्वांत मोठा आवाज येणारी जागा निवडायची नाही. सगळे स्वर त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतात ती जागा सबची. कोपऱ्यात आवाज सर्वांत जास्त मिळतो आणि कमी ताकदीच्या सबला तो आधार होतो, पण घुमाराही तिथेच जास्त. तीन-चार जण वेगवेगळ्या जागी बसणार असतील, तर एका मोठ्या सबपेक्षा एकाच मॉडेलचे दोन लहान सब बरे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की त्या दोन भिंतींमधला पहिला घुमारा ते आपसांत मिटवतात.

जोडणी रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या होम थिएटरच्या अॅम्प्लिफायरच्या) सब-आउटपासून सबच्या एलएफई (चित्रपटातला वेगळा बेस चॅनेल) असं लिहिलेल्या आरसीए, म्हणजे गोल पिनेच्या, इनपुटला, एकाच केबलने. एलएफई इनपुट नसेल तर सबवरचा क्रॉसओव्हर (सब किती हर्ट्झपर्यंत वाजेल ते ठरवणारं बटण) पूर्ण वरच्या टोकाला फिरवा, नाहीतर रिसीव्हरचा आणि सबचा असे दोन फिल्टर एकावर एक बसून ८०च्या आसपास खड्डा पडतो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा बेस सबकडे जातो), क्रॉसओव्हर ८०, एलएफईचा लो-पास (त्यावरचे स्वर कापणारा फिल्टर) १२०. 'एलएफई + मेन' हा पर्याय बंद ठेवा. तो तोच बेस दोनदा वाजवतो. सबचा गेन (आवाजाचं बटण) अर्ध्यावर ठेवून रिसीव्हरची माईकने होणारी स्वयंचलित मोजणी चालवा. नंतर सबची पातळी उणे ३ ते उणे ८मध्ये आली तर छान. ती तळाच्या टोकाला, म्हणजे बऱ्याच रिसीव्हरांत उणे १२ला अडकली, तर तो आकडा विश्वासाचा नाही. गेन उतरवून मोजणी परत करा. रिसीव्हरने सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा दीड-दोन मीटर जास्त दाखवलं तर ते 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाजाला उशीर होतो, तो त्या अंतरात धरलेला असतो. शेवटी मुख्य स्पीकर आणि सब दोन्ही चालू ठेवून ८० हर्ट्झचा स्वर वाजवा, फेजचं (सबची लाट उलटी करणारं) बटण ० आणि १८० करून पाहा. बैठकीवर जिथे आवाज मोठा, तिथे ते ठेवा.

रात्री हळू आवाजात सब मध्येच झोपतो, ही स्वस्त सबची नेहमीची तक्रार. ऑटो-ऑनला (सिग्नल आला की सब आपोआप चालू करणाऱ्या सोयीला) जागं व्हायला ठरावीक सिग्नल लागतो आणि तो पोहोचत नाही. रिसीव्हरमधली सबची पातळी ४-५ डेसिबल चढवा, तेवढाच सबवरचा गेन उतरवा. बेस तेवढाच राहतो, सिग्नल मात्र तगडा होतो.

सतत घुं असा आवाज येत असेल तर आरसीए केबल सबमधून काढा. आवाज थांबला तर बहुधा दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (जोडलेली उपकरणं वेगवेगळ्या वाटेने अर्थ होतात तेव्हा होणारा) किंवा खराब केबलचा. थांबला नाही तर सबच्या अॅम्प्लिफायरचा. फेरा असेल तर सब आणि रिसीव्हर एकाच प्लग-पॉइंटवर आणा, मग टीव्हीची केबल रिसीव्हरमधून काढून पाहा. अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

जुना सब स्वस्तात मिळत असेल तर आधी कोनची कड बघा. फोमची कड वर्षांनी भुसभुशीत होते, रबराची टिकते. चारी बोटं पसरून कोन हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे, घेऊ नका. मग अर्धा तास वाजवून मागची पत्र्याची प्लेट किती तापते ते हाताने पाहा. सबमध्ये ड्रायव्हरपेक्षा आधी जातो तो या प्लेटवरचा अॅम्प्लिफायर, कारण तो बंद खोक्यात उष्णता आणि हादरे दोन्ही सोसतो. आणि मागे आरसीए इनपुट आहे ना, तेही पाहा. तयार होम थिएटर संचातून सुटा निघालेला सब अनेकदा पॅसिव्ह असतो, त्याला स्वतःचा अॅम्प्लिफायरच नसतो. तो रिसीव्हरच्या सब-आउटवर वाजणार नाही.