सामायिक कंटेनरने घरसामान पाठवणं: परदेशात किती राहायचं हे ठरायच्या आधी

मुक्काम दोन वर्षांचा की कायमचा हेच ठरलं नसेल, तर अख्खा कंटेनर घेऊ नका. 20 फुटीमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. पुस्तकं, कपडे, भांड्यांना 3-4 पुरतात. सामायिक कंटेनरमध्ये, म्हणजे अनेकांचं सामान एकत्र जाणाऱ्या कंटेनरमध्ये, पैसे घनमीटरवर मोजतात, म्हणून किमतीला 5 पैकी 4 गुण. वेगाला मात्र 2च. कंटेनर भरेपर्यंत सामान गोदामात पडून राहतं, आणि दुसऱ्या कुणाचे कागद अपुरे निघाले की कस्टममध्ये आपलंही अडकतं.

खोकी स्वतः भरली, तर आतल्या फूटतुटीचे पैसे विमा सहसा देत नाही. तिथे काटकसर नको, पॅकरकडूनच भरून घ्या. कस्टमला द्यायच्या सामानाच्या यादीत ‘किरकोळ’ हा शब्द म्हणजे खोकं उघडायचं आमंत्रणच! ‘सुती चादर, वापरलेली, 4 नग’ असं लिहा. लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीचा आयएसपीएम 15 शिक्का (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची आंतरराष्ट्रीय खूण) हवा, नाहीतर ती बंदरावरच अडू शकते.

वापरलेल्या सामानावरची करमाफी अनेक देशांत ठरावीक महिन्यांपुरतीच असते. ‘बघू पुढे’ म्हणून मागे ठेवलेलं कपाट नंतर महागात पडतं.