पी२२ की एचके९७: कवचाच्या अभ्यासाला कुठला फेज घ्यावा?

फेजचं (जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचं) प्रथिनांचं कवच कसं जुळतं, कसं पक्व होतं, यावर काम सुरू करताना शेवटी गाडी पी२२ आणि एचके९७ या दोन फेजांवर येऊन थांबते. मी दोन्हींवर काम केलंय, म्हणून लिहितो.

नुसती जुळणी पाहायची तर पी२२ला तोड नाही. शुद्ध कवच-प्रथिनात जीपी८ हे परांचीचं (जुळणीपुरता आधार देणारं) प्रथिन मिसळलं की काही मिनिटांत द्रावणातून विखुरणारा प्रकाश चढू लागतो, म्हणजे कवचं जुळू लागतात. काम झाल्यावर ही परांची अख्खी बाहेर पडते आणि पुढच्या कवचाला पुन्हा लागते. इतकी देखणी काटकसर एचके९७मध्ये नाही. तिथे जीपी५ या कवच-प्रथिनाच्या सुरुवातीची १०२ अमिनो आम्लंच परांचीचं काम करतात आणि मग प्रोटीएज (प्रथिनं कापणारं विकर) ती कापून टाकतं.

मला नडलं ते पुढचं पाऊल, म्हणजे कवच फुगून पक्व होणं. पी२२चं रिकामं प्रोकॅप्सिड (अपक्व कवच) ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की फुगतं, पण एसडीएस जेलवर (प्रथिनं सुटी करून वजनाप्रमाणे पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या जेलवर) आधीही ४७ किलोडाल्टनचा बँड आणि नंतरही तोच! फुगलं की नाही हे कळायला दर वेळी अख्खी कवचं चालवायचं वेगळं अगारोज जेल, नाहीतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी रांग. थोडं जास्त तापलं तर कोपऱ्यांतले पंचक गळून पडतात. एकदा माझे तीन दिवसांचे नमुने निम्मे फुगलेले, निम्मे तसेच निघाले, आणि ते समजलं चौथ्या दिवशी.

एचके९७चं साधं जेलच सगळं सांगतं. कापण्याआधी ४२ किलोडाल्टन, कापल्यावर ३१. पीएच ४ला नेलं की कवच फुगू लागतं, शेजारच्या रेणूंमधले लायसिन १६९ आणि ॲस्पॅराजिन ३५६ ही अमिनो आम्लं (आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक) एकमेकांना कायमचे जोडले जातात, आणि बँडची शिडी वर सरकत जाते. अखेरीस साखळीच्या चिलखतासारख्या कड्या एकमेकींत अडकतात आणि प्रथिन जेलमध्ये शिरतच नाही: लेन रिकामी, नमुना भरायच्या खाचेच्या (वेलच्या) तळाशी गडद निळी रेघ. ती रेघ दिसली की मी निर्धास्त होतो.

घडी पडताना बिघडणाऱ्या, तापमानाला हळव्या म्यूटंटवर (जनुक बदललेल्या प्रकारांवर) काम करायचं असेल तर पी२२ सोडू नका, हेही खरं. माझा अनुभव एवढाच की जुळणीवर सुरुवात करणारे बरेचजण वर्षभरात पक्वतेकडे वळतात. तेव्हा फुगणं आणि जोडणं वेगळं करून पाहावंसं वाटतंच. एचके९७मध्ये त्यासाठी लायसिन १६९च्या जागी टायरोसिन असलेला म्यूटंट तयार आहे: तो फुगतो, पण जोडला जात नाही.