वेलिब वापरून वर्ष होत आलं: पॅरिसच्या सार्वजनिक सायकलीबद्दल थोडं सविस्तर

सार्वजनिक सायकल लोक का वापरतात, असं विचारलं की पर्यावरण आणि तब्येत ही दोन उत्तरं हमखास मिळतात. माझं मत आता वेगळं आहे. लोक ती आळसापोटी वापरतात.

मी राहतो गाँबेताला, शहराच्या पूर्वेकडच्या चढावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही, जिना अरुंद. स्वतःची सायकल पाचव्या मजल्यावर कोण चढवणार? आणि खाली बांधून ठेवली तर चोरीची धास्ती. वेलिबला हे दोन्ही ताप नाहीत. स्थानकं साधारण 300 मीटरवर एक. मेट्रोचं नाव्हिगो कार्डच हँडलवरच्या डब्याला टेकवायचं, सायकल सुटते. महिन्याच्या पासवर साध्या सायकलीच्या प्रत्येक फेरीची पहिली 30 मिनिटं फुकट, आणि शहरातली बहुतेक कामं तेवढ्यात उरकतात. हेल्मेटची सक्ती फक्त 12 वर्षांखालच्या मुलांना, त्यामुळे मनात आलं की निघायचं. (इअरफोन मात्र नको, 135 युरो दंड आहे.)

खरी विद्या सायकल निवडण्याची. हिरवी साधी, निळी इलेक्ट्रिक. सीट उलटी फिरवलेली दिसली की ती बिघडलेली, असं आधीचा माणूस पुढच्याला सांगून गेलेला असतो. हा नियम कुणी काढलेला नाही, पण पॅरिसकर पाळतात. सीट सरळ असली तरी मी टायर अंगठ्याने दाबून बघतो, पेडल उलटं फिरवतो, ब्रेक आवळतो, मगच कार्ड लावतो.

सकाळी पेर लाशेझ कब्रस्तानाच्या भिंतीकडेने रेपुब्लिक चौकाकडे जवळपास पाय न मारता उतरायचं. संध्याकाळी? मेट्रो झिंदाबाद! असा विचार करणारा मी एकटा नाही, म्हणून टेकडीवरची स्थानकं रिकामी होतात, सखल भागातली ठासून भरतात आणि सायकली ट्रकमधून परत वर न्याव्या लागतात. उंचावर नेऊन लावणाऱ्याला जादा मिनिटं देण्याची युक्ती या योजनेत फार लवकर आली. तरी फुकटच्या मिनिटांसाठी कोण घाम गाळतो? चढ सुसह्य केला तो निळ्या सायकलीने.

रस्त्याचंही तसंच: जिथे सोपं, तिथेच लोक सायकल काढतात. रिव्होली रस्ता 2020 मध्ये खासगी गाड्यांना बहुतांशी बंद झाला. तिथे साठीच्या बायका बाजाराची पिशवी पुढच्या टोपलीत टाकून निवांत चालवताना दिसतात. बसच्या लेनमधून जावं लागतं तिथे त्या दिसत नाहीत, तिथे माझ्यासारखे दात-ओठ खाऊन पेडल मारणारेच.

भरवसा गेला की लोकही जातात. 2018 च्या सुरुवातीला इथला ठेकेदार बदलला, नवी स्थानकं रखडली आणि वर्गणीदारांनी भराभर पास सोडले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात वाहतुकीचा संप झाला, तेव्हा हीच वेलिब मिळवायला मारामारी. पुण्यात 2017-18 ला पिवळ्या, केशरी, हिरव्या सार्वजनिक सायकली आल्या आणि बघता बघता दिसेनाशा झाल्या, तेव्हा ‘पुणेकरांची सवयच मोडली’ असं बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. ठरलेलं स्थानक नाही, सलग सायकल ट्रॅक नाही. पुणेकर रोज फुटपाथवर सायकल शोधत फिरेल?

चार दिवसांसाठी येणार असाल तर कार्डावर 300 युरो मोकळे ठेवा, अनामत म्हणून तेवढे अडकतात. आणि सायकल परत लावल्यावर ती जमा झाल्याचं पडद्यावर बघितल्याशिवाय तिथून हलू नका.