पाठीवर टकटक की पॉवर बटण दोनदा?

फोनच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक केली की ठरवून दिलेलं काम होतं. ही सोय आयफोनमध्ये २०२० साली आयओएस १४ बरोबर आली, गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये पुढच्या वर्षी अँड्रॉइड १२ बरोबर. आयफोनमध्ये ती सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘टच’च्या पार तळाशी दडलेली असल्यामुळे जुन्या वापरकर्त्यांनाही बरेचदा ठाऊक नसते. दुसरा पर्याय पॉवर बटण दोनदा दाबण्याचा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्याने थेट कॅमेरा उघडतो.

मी दोन्ही वापरलं. घरी निवांत बसलेलं असताना टकटक खरंच छान वाटते. स्क्रीनशॉटसाठी दोन बटणं एकदम दाबायची कसरत नाही, आणि आयफोनमध्ये तर दोन टकटकींना एक काम, तीनला दुसरं, असं वाटून देता येतं. बोटं दुखत असतील तर हिच्यासारखी सोय नाही.

माझं अडलं ते लोकलमध्ये. एका हातात कडी, दुसऱ्यात फोन. करंगळीवर फोन तोलायचा आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, तर मागची बोटं सरकवावीच लागतात. नेमकी तीच हालचाल माझ्या फोनला टकटक वाटायची. वाचता वाचता मध्येच स्क्रीनशॉट! गॅलरीभर अर्धवट वाचलेली पानं साचली. जाड कव्हर घातलं, तर हवी असलेली टकटकही पोचेना. ही सोय मुख्यतः फोनची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या नोंदींवरून अंदाज बांधते, त्यामुळे धक्का आणि टकटक यांत थोडी गफलत व्हायचीच. तुमच्या फोनवर कदाचित कमी होईल.

बटण मात्र दाबल्याशिवाय दाबलं जात नाही. स्क्रीन बंद असली तरी चालतं. खिशातून काढता काढता दोनदा दाबलं की फोन डोळ्यांसमोर येईपर्यंत कॅमेरा तयार असतो. फक्त मोजून दाबा. स्मार्टफोनवर पॉवर बटण झटपट तीनदा दाबून आपत्कालीन कॉल लागावा, अशी तरतूद भारताच्या २०१६ च्या नियमांत आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर पाचदा दाबल्यावर एसओएस सुरू होतं.

उभ्याने प्रवास करत असाल तर मी बटणच सुचवेन. टकटक ठेवायचीच असेल, तर तिला चुकून झालं तरी बिघडणार नाही असंच काम द्या. माझ्याकडे ती आता बंद आहे.